सिन्नरचं धुराडं आणि बँकेचा हिशोब

कसारा घाटात रेंज जाते आणि एपिसोड नेमका अर्ध्यावर अडकतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जे वाक्य जसं आलं तसंच बऱ्याच ठिकाणी ठेवलंय, तेवढं चालवून घ्या.

आजचा प्रश्न असा: एखादी कंपनी हवेत किती कार्बन सोडते, याचा तिला मिळणाऱ्या कर्जाशी आणि त्या कर्जाच्या व्याजाशी काय संबंध? ऐकायला हे मुंबईच्या बीकेसीतल्या काचेच्या ऑफिसमधलं वाटतं. पण याचं उत्तर आपल्या नाशिक जिल्ह्यातच उभं आहे, काँक्रीटमध्ये. एक एकलहऱ्याला, एक सिन्नरला आणि एक इगतपुरीला. तिघांच्या गोष्टी ओळीने लावल्या की गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत कर्ज देणाऱ्याचा प्रश्न कसा बदलत गेला ते कळतं.

एकलहरे: प्रश्नच नव्हता

नाशिकरोडच्या पुढे एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र. १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७०-७१ मध्ये सुरू झाले. मग १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच आले. सगळं मिळून ९१० मेगावॉट. पुढे जुने दोन संच निवृत्त झाले आणि ६३० उरले.

हे केंद्र बांधलं महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने, म्हणजे १९६० साली स्थापन झालेल्या आपल्या जुन्या एमएसईबीने. वीज बनवणारं तेच, तारा टाकणारं तेच, बिल पाठवणारंही तेच आणि मागे उभं राज्य सरकार. अशा कर्जदाराला पैसे देणारा काय विचारणार? सरकार बुडत नाही, विषय संपला. धुराचा प्रश्न असलाच तर तो आजूबाजूच्या गावांचा, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणाऱ्या राखेचा. कर्जाच्या फायलीत त्याला रकाना नव्हता.

अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर जेवलो आपण आणि बिल शेजारच्या टेबलावर.

दाभोळ: गिऱ्हाईकच फिरलं तर?

१९९० च्या दशकात सरकारकडे पैसा कमी पडायला लागला आणि खासगी वीज आली. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प तुमच्या आई-बाबांना चांगला आठवत असेल. १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार, १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू. वीज इतकी महाग पडली की मंडळाला ती परवडेना. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय या आपल्या देशी संस्थांचे पैसे कोकणात अडकले. शेवटी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून नवी कंपनी काढली आणि प्रकल्प तिच्याकडे दिला.

या शेवटाकडे लक्ष ठेवा. खासगी प्रकल्प बुडतो आणि वीस पावलांवर सरकारी कंपनी झेलायला उभी असते. हे आपण पुन्हा बघणार आहोत.

दाभोळमध्ये कोळसा नव्हता आणि कार्बनचा विषयही नव्हता. पण बँकांना एक धडा मिळाला. वीज केंद्राचं कर्ज पंधरा-वीस वर्षांचं असतं. आज यंत्र चालतंय का, एवढं बघून भागत नाही. वीस वर्षं कोणीतरी ही वीज, या भावाने घेत राहील का, हे बघावं लागतं. आपली गृहकर्जाची फाईल जाते तेव्हा बँक पगाराची स्लिप बघते आणि नोकरी टिकेल का याचा अंदाज बांधते. तसंच हे.

सिन्नर: सगळं आहे, वीज नाही

२००३ च्या वीज कायद्याने औष्णिक केंद्र उभारायला लागणारा परवाना काढून टाकला. मग देशभर कोळशाच्या प्रकल्पांची लाट आली. वीज कमी आहे, देश वाढतोय, मागणी वाढतच राहणार, असा सगळ्यांचा हिशोब होता. इंडियाबुल्स समूहाने महाराष्ट्रात दोन प्रकल्प काढले. एक अमरावतीजवळ नांदगावपेठला, दुसरा आपल्या सिन्नरला, मुसळगाव-गुळवंच भागातल्या विशेष आर्थिक क्षेत्रात. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. पुढे समूहाची वाटणी झाली आणि दोन्ही प्रकल्प रतनइंडिया या नावाखाली आले.

दोन्ही प्रकल्प जुळ्या भावांसारखे. प्रत्येकी २७० मेगावॉटचे पाच संच, एकूण १,३५० मेगावॉट. प्रवर्तक तेच, धूरही साधारण तेवढाच. पण नशीब वेगळं.

अमरावतीकडे महावितरणशी १,२०० मेगावॉटचा दीर्घ मुदतीचा करार होता. तो प्रकल्पही अडचणीत आलाच. २०१९ च्या अखेरीस सुमारे ६,५७५ कोटींचं कर्ज ४,०५० कोटींत मिटवलं गेलं, म्हणजे आधीच्या कर्जदात्यांनी मोठं पाणी सोडलं. पण वीज विकली जात होती, म्हणून नवा पैसा लावायला गोल्डमन सॅक्स आणि वार्डे पार्टनर्ससारखे परदेशी गुंतवणूकदार आले.

सिन्नरमध्ये पाचही संच उभे राहिले. पण कोळसा आणणारी रेल्वेलाइन पूर्ण झाली नाही आणि वीज विकण्याचा करार प्रत्यक्षात आला नाही. धुराडी तयार, धूर नाही. व्याजाचं मीटर मात्र रात्रंदिवस चालू. कर्ज देणाऱ्यांत पुढे होती पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे सरकारचीच कंपनी.

हे एकट्या सिन्नरचं नव्हतं. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने मार्च २०१८ मध्ये अडचणीतल्या कोळसा प्रकल्पांचा अहवाल दिला. त्यात ३४ प्रकल्प होते, क्षमता सुमारे ४०,००० मेगावॉट. त्याआधी महिनाभर, १२ फेब्रुवारी २०१८ ला, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं होतं: २,००० कोटींच्या वरची थकलेली खाती १८० दिवसांत मार्गी लावा, नाहीतर दिवाळखोरी न्यायाधिकरणात जा. वीज कंपन्या कोर्टात गेल्या आणि २ एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. सिन्नरची कंपनी अखेर २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. २०२५ मध्ये एनटीपीसी आणि महानिर्मिती यांची संयुक्त योजना न्यायाधिकरणाने मंजूर केली.

दाभोळनंतर बरोबर वीस वर्षांनी पुन्हा एनटीपीसी.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावर सोशल मीडियावर बरंच सैल बोललं जातं. सिन्नरचा प्रकल्प कार्बनमुळे बुडाला नाही. तो रेल्वेलाइन, करार आणि चुकलेला मागणीचा अंदाज यांच्यामुळे बुडाला. मग कार्बन यात कुठे येतो? तो येतो पुढच्या प्रश्नात. अडकलेला प्रकल्प सावरायला नवीन पैसा लागतो आणि नवीन पैसेवाला पुढची वीस वर्षं बघतो. सिन्नर रिकामा उभा होता त्याच काळात ही वीस वर्षं बदलत होती.

ती वीस वर्षं कशी बदलली

मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला सोलर पार्कच्या लिलावात सौर वीज युनिटमागे २ रुपये ४४ पैशांवर आली. दिवसा तरी कोळशाला तगडा स्पर्धक मिळाला.

त्याआधी, २९ सप्टेंबर २०१५ ला, बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी लंडनमध्ये विमा कंपन्यांसमोर एक भाषण केलं. ते म्हणाले ते सोप्या भाषेत असं: हवामान बदल हा आता फक्त पर्यावरणवाल्यांचा विषय नाही, तो आर्थिक स्थैर्याचा विषय आहे. त्यांनी तीन धोके सांगितले. आपण आपली उदाहरणं घेऊ.

पहिला, प्रत्यक्ष धोका. म्हणजे पाऊस, दुष्काळ, पूर. २०१५ मध्ये बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, माणसं होती, धरणात पाणी नव्हतं. व्याज काही दुष्काळ बघून थांबत नाही. हाच धोका द्राक्षबागेच्या कर्जातही आहे. गारपीट झाली की बाग जाते आणि हप्ता थकतो, हे निफाड-दिंडोरीत कोणाला वेगळं सांगायला नको.

दुसरा, भरपाईचा धोका. नुकसान झालेला माणूस उद्या कोर्टात जाऊन म्हणेल, तुमच्या धुरामुळे झालं, पैसे द्या.

तिसरा, बदलाचा धोका. नियम बदलतात, तंत्रज्ञान बदलतं, गिऱ्हाईक बदलतं आणि कालपर्यंत सोनं वाटणारा कारखाना भंगार होतो. कोळशाला हा सगळ्यात जास्त लागू होतो.

हा तिसरा धोका भारतात आधीच आकड्यात आला होता, फक्त त्याला कार्बन टॅक्स कोणी म्हटलं नाही. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४००. सहा वर्षांत आठपट. एका युनिट विजेला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो असं धरलं, तर ४०० रुपयांचा उपकर म्हणजे युनिटमागे २६ पैसे. पुढे जीएसटी आला तेव्हा हाच भार भरपाई उपकराच्या नावाने चालू राहिला. २०२५ च्या जीएसटी बदलांत तो उपकर गेला, पण कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. आता तुम्ही २००९ साली कर्ज मंजूर करणारे अधिकारी आहात असं समजा. तुमच्या एक्सेल शीटमध्ये यातलं काय होतं? एकही ओळ नाही.

मग व्याज खरंच वाढतं का?

हो, पण सगळीकडे सारखं नाही. इथे दोन-तीन आकडे बघू.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जगभरातल्या ऊर्जा क्षेत्रातल्या कर्जांचा अभ्यास मांडला. २००७-१० शी तुलना करता २०१७-२० मध्ये कोळसा वीज केंद्रांच्या कर्जावरचा मार्जिन सरासरी ३८ टक्क्यांनी आणि कोळसा खाणींचा ५४ टक्क्यांनी वाढला होता. मार्जिन म्हणजे मूळ दरावर धोक्यासाठी लावलेला जादा भाग. आधी तो २ टक्के असेल तर आता २.७६. १,००० कोटींच्या कर्जावर हा फरक वर्षाला साडेसात कोटींचा.

शेअर बाजाराचंही तसंच. पॅट्रिक बोल्टन आणि मार्सिन काकपेर्चिक यांनी अमेरिकी कंपन्यांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जास्त उत्सर्जन असलेल्या कंपन्यांच्या शेअरनी जास्त परतावा दिल्याचं दिसलं. हे वाचून काही जण म्हणतात, बघा, धूर सोडणारेच फायद्यात! पण उलट बाजूने बघा. गुंतवणूकदार जास्त परतावा मागतोय, कारण त्याला धोका जास्त वाटतोय. त्याचा परतावा म्हणजेच कंपनीसाठी भांडवलाचा खर्च. सिबिल स्कोअर कमी असलेल्याला कर्ज देणारा जास्त व्याज कमावतो, म्हणून स्कोअर कमी असणं चांगलं, असं आपण म्हणतो का?

आता दुसरी बाजू. हिरव्या कामाला कर्ज किती स्वस्त मिळतं? जानेवारी २०२३ मध्ये भारत सरकारने पहिल्यांदा हरित रोखे काढले, ८,००० कोटींचे. पाच वर्षांच्या रोख्यांना ७.१० टक्के आणि दहा वर्षांच्या रोख्यांना ७.२९ टक्के दर मिळाला. साध्या सरकारी रोख्यांपेक्षा हा दर जेमतेम ०.०५ ते ०.०६ टक्क्यांनी कमी होता. ८,००० कोटींवर वर्षाला चार-पाच कोटींची बचत. म्हणजे "हिरवं व्हा, स्वस्त कर्ज मिळवा" ही जाहिरात भारतात अजून तरी फुगवलेली आहे.

माझ्या मते खरा फरक दरात कमी आणि मुदतीत जास्त दिसतो. कोळशाला बँक ९ ऐवजी १० टक्के म्हणेल, ते सोसता येईल. पण "वीस वर्षांसाठी नाही देत" असं म्हणाली तर प्रकल्पच होत नाही. ऑस्ट्रेलियात अदानी समूहाच्या कारमायकल कोळसा खाणीला एकामागून एक मोठ्या बँकांनी नकार दिला. शेवटी २०१८ मध्ये समूहाने खाणीचा आकार बराच कमी करून स्वतःच्या पैशाने ती करायचं जाहीर केलं. व्याजदराच्या तक्त्यात हा नकार कुठेच दिसत नाही, पण तोच सगळ्यात महाग पडतो.

इगतपुरी: दगड आधीच पदरात घेतला

सिन्नरचा प्रकल्प रिकामा उभा होता, त्याच काळात आपल्याच जिल्ह्यात दुसरा हिशोब चालू होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये महिंद्रा अँड महिंद्राने जाहीर केलं की कंपनीच्या आतल्या निर्णयांत एक टन कार्बनची किंमत १० डॉलर धरायची. असं करणारी ती पहिली भारतीय कंपनी मानली जाते. सरकारने मागितले नव्हते, कोणाला द्यायचेही नव्हते. मुद्दा असा की नवीन मशीन घेताना, बॉयलर बदलताना हा आकडा शीटमध्ये येणार. म्हणजे उद्या खरंच कर आला तरी धक्का कमी बसेल. २०१९ मध्ये कंपनीचा इगतपुरीचा इंजिन कारखाना कार्बन न्यूट्रल म्हणून प्रमाणित झाला.

हाच १० डॉलरचा आकडा सिन्नरच्या प्रकल्पाला लावून बघू. १,३५० मेगावॉट, वर्षभर सरासरी ६० टक्के क्षमतेने चालला असं धरू. साधारण ७१० कोटी युनिट वीज होईल. कोळशाच्या अशा संचात एका युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे वर्षाला ७१ लाख टन. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ६०० कोटी रुपये, दरवर्षी. युनिटमागे ८५ पैसे. सौर वीज ज्या भावाने मिळते, त्याच्यासमोर ८५ पैसे म्हणजे सामना संपला. हा कर आज नाही, हे खरं. पण वीस वर्षांचं कर्ज देणाऱ्याला "आज नाही" एवढं पुरत नाही.

यापेक्षा थेट उदाहरण अल्ट्राटेक सिमेंटचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी परदेशात ४० कोटी डॉलरचे दहा वर्षांचे रोखे काढले, व्याज २.८० टक्के. अट अशी की २०३० पर्यंत टनामागचं उत्सर्जन ठरल्याप्रमाणे खाली आणायचं. नाही आणलं तर व्याजात ०.७५ टक्क्याची वाढ. धूर आणि व्याज यांच्यात इथे कोणताही सिद्धांत मध्ये नाही, करारातच लिहिलंय.

आता मोजणंही सक्तीचं होत चाललंय. सेबीच्या २०२१ च्या नियमाने २०२२-२३ पासून बाजारमूल्यात पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना आपला पर्यावरण-सामाजिक अहवाल द्यावा लागतो, त्यात उत्सर्जनाचे आकडे असतात. युरोपने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर सीमेवरच कार्बनचा आकार लावायचं ठरवलं. १ जानेवारी २०२६ पासून त्याचा प्रत्यक्ष टप्पा सुरू झाला. त्यात नट-बोल्टसुद्धा येतात. म्हणजे अंबड-सातपूरचा एखादा छोटा कारखानदार युरोपला माल पाठवत असेल, तर त्याचं गिऱ्हाईक त्याला विचारणार: तुझ्या मालात कार्बन किती? तो आकडा हाताशी नसेल तर आधी ऑर्डरला फटका आणि मग बँकेतल्या कॅश क्रेडिटच्या मर्यादेला.

आता पुस्तक कोणाच्या हातात आहे

तर एकलहऱ्याच्या वेळी धूर कर्जाच्या फायलीबाहेर होता. दाभोळने गिऱ्हाईकाचा धोका शिकवला. सिन्नरने रिकाम्या धुराड्याचं व्याज दाखवलं. आणि आता धूर हळूहळू फायलीच्या आत येतोय.

पण यातला जो भाग मला अस्वस्थ करतो तो वेगळा आहे. धोका फायलीत आला म्हणजे तो संपला असं होत नाही. तो हात बदलतो. सिन्नरचा प्रकल्प आता एनटीपीसी आणि महानिर्मितीकडे, म्हणजे केंद्र आणि राज्य सरकारच्या कंपन्यांकडे आलाय. बाजूने बोलायचं तर मुद्दा आहे: संध्याकाळी सात वाजता सूर्य नसतो, विजेची मागणी असते, बॅटऱ्या अजून पुरेशा नाहीत आणि तयार उभा कारखाना गंजू देणं हेही शहाणपण नाही. पडत्या भावात मिळाला असेल तर वीज परवडेलही. मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नसला तरी तो पोकळ नाही.

फक्त त्याचा हिशोब पूर्ण मांडला पाहिजे. सरकारी कंपनीला स्वस्त कर्ज मिळतं ते कोळसा सुरक्षित आहे म्हणून नव्हे. मागे सरकार आहे म्हणून. १९७० मध्ये एकलहऱ्याला लागू होतं तेच. उद्या कार्बनची किंमत लागली, नियम कडक झाले, किंवा सौर आणि बॅटरी मिळून संध्याकाळचीही वीज स्वस्त झाली, तर तोटा वीज दराच्या याचिकेतून फिरत फिरत घरातल्या मीटरवर येतो. गुळवंच-मुसळगावच्या ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्याही मीटरवर.

म्हणून एक साधी मागणी. या प्रकल्पाची वीज कोणत्या भावाने घ्यायची हे राज्य वीज नियामक आयोगापुढे ठरेल, तेव्हा कार्बनची एक ओळ त्या हिशोबात असावी. दहा डॉलर धरा, पाच धरा, पण शून्य धरू नका. आयोगाच्या अशा प्रकरणांत लोकांकडून हरकती आणि सूचना मागवतात, जाहीर सुनावण्याही होतात, आणि तिथे बोलायला इंजिनिअर असावं लागत नाही. ज्याच्या नावावर वीजबिल येतं, तो कोणीही लिहू शकतो.

भेटू पुढच्या भागात. प्रश्न असतील तर नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोट टाका, फक्त दोन मिनिटांच्या आत आवरा.